तिसरी गाडी आलं आणि वाढवलेला पाटा



आपल्या कोरेगाव भागात आलं 'गाडी'च्या भावानं विकतात आणि एक गाडी म्हणजे 500 किलो, हे तुम्हाला सांगायला नको. ज्या गटाकडे स्वतःची पिकअप आहे, तिथे एक प्रश्न येतोच. दोन गाड्या आलं बसतं, मग तिसरी का भरू नये? एक खेप वाचेल, डिझेल वाचेल. गॅरेजवाला म्हणतो, "ताई, मागं एकेक पाटा वाढवून देतो, पिकअप बसणार नाही." आज आम्ही या पाट्याविषयीच बोलणार आहोत.

पाटा ही एक स्प्रिंगच. मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्या एकाखाली एक, आखूड होत गेलेल्या, कमानीसारख्या बांधलेल्या असतात. वजन पडलं की कमान दबते, उतरलं की परत उठते. समजा, 100 किलोला ती एक सेंटिमीटर दबते. मग 1,000 किलोला दहा सेंटिमीटर दबेल. पाटा वाढवला तर तेवढ्याच वजनाला सात-आठ सेंटिमीटर दबेल. पिकअप उंच दिसेल, पण चाकावरचं वजन किलोभरही कमी झालेलं नसेल.

फसगत होते ती इथंच. पाटा कडक झाला, पण एक्सल, टायर, बेअरिंग आणि ब्रेक होते तेच राहिले. खंबाटकी उतरताना वजन थांबवायचं ते ब्रेकनं, पाट्यानं नव्हे. काही पिकअपमध्ये मागचा भाग किती दबला ते पाहून मागच्या ब्रेकला जोर देणारा व्हॉल्व्ह असतो. कडक पाट्यामुळे मागचा भाग दबलाच नाही, तर त्याला पिकअप रिकामी वाटते आणि भरल्या पिकअपला मागचा ब्रेक कमी मिळतो. परत येताना रिकामी पिकअप खड्ड्यांवर उड्या मारते, ते वेगळंच.

मग किती भरायचं? आरसी बुक काढा. त्यात भरलेल्या वाहनाचं कमाल वजन आणि रिकामं वजन, दोन्ही असतात. समजा, 2,900 आणि 1,700 आहेत. फरक 1,200 किलो. त्यातून ड्रायव्हर आणि सोबतची दोन माणसं मिळून 180 किलो वजा करा. उरले 1,020. म्हणजे दोनच गाड्या. पाटा वाढवून हा आकडा वाढत नाही. जादा वजनाला मोटार वाहन कायद्यात 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे.

जुने पाटे खरंच थकले असतील, तर मात्र बदलायलाच हवेत. पिकअप सपाट जागी रिकामी उभी करा आणि मागच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून मडगार्डपर्यंतची उंची टेपनं मोजा. एक बाजू खाली असेल, कमान सपाट झाली असेल किंवा पट्टीला चीर दिसली, तर पाटे दाखवून घ्या. नवे घेताना दोन्ही बाजूंचे एकदमच घ्या. पट्ट्यांची संख्या आणि जाडी मूळच्याइतकीच हवी. बिलावर मॉडेल लिहून घ्या. पहिल्या भरल्या खेपेनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

घरातला पोरगा कारला आखूड, कडक स्प्रिंगा टाकायच्या म्हणत असेल, तर त्यालाही हाच हिशेब सांगा. शर्यतीच्या गुळगुळीत रस्त्यावर तशा स्प्रिंगांनी गाडी वळणावर कमी झुकते. आपल्या रस्त्यावर मात्र पहिल्याच गतिरोधकाला तिचं पोट घासतं. स्प्रिंग निवडायची ती वजन आणि रस्ता पाहून.

गटाच्या पुढच्या बैठकीत आरसी बुक घेऊन बसा आणि ही वजाबाकी सगळ्यांसमोर करा. निघालेला आकडा पिकअपच्या फाळक्यावर आतून रंगानं लिहून टाका. मग पोती चढवताना कुणी आग्रह केला, तर वाद घालावा लागणार नाही, आकड्याकडे बोट दाखवलं की झालं.