रस्त्याच्या कडेचा वृक्ष



आमच्या गल्लीच्या तोंडाशीं चार वर्षांपूर्वीं जुलै महिन्यांत बकुळीचें एक रोप लावलें गेलें. भाषणें झालीं, छायाचित्रें निघालीं, पेढेही वांटले गेले. त्या वर्षीं पावसानें रोपाला सांभाळलें. पुढच्या मार्चमध्यें तें वाळून गेलें. कोणीं तें तोडलें नाहीं, जनावरानें खाल्लें नाहीं. वृक्षारोपण करणारे आम्ही तीस जण होतों, आणि पाणी घालणारा एकही नव्हता. त्या तिसांत मीही होतों, हें आधींच कबूल करतों.

मुंबईंत वर्षाकांठीं दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. मग येथें झाडाला पाणी कशाला, असें पुष्कळांस वाटतें. पण हा जवळजवळ सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. अरण्यांतील रोपाला पालापाचोळ्यानें झांकलेली, ओल धरून ठेवणारी माती लाभते. शहरांतील रोपाच्या वांट्याला मुरूम, विटांचे तुकडे आणि भरावाची घट्ट दाबलेली जमीन येते. म्हणून पहिले दोन, शक्य तर तीन उन्हाळे त्याला पाणी हवें. तेंही रोज तांब्याभर नव्हे. तशानें मुळें वरच घोटाळतात. आठवड्यांतून एक-दोन वेळां दोन बादल्या पाणी सावकाश मुरूं द्यावें, म्हणजे मुळें ओलीचा माग काढीत खालीं उतरतात. आणि लावतांना प्लॅस्टिकची पिशवी काढावी! पिशवीसकट रोप पुरलेलें मीं या डोळ्यांनीं पाहिलें आहे.

झाड जितकें उंच तितकीं त्याचीं मुळें खोल, ही समजूत बहुतांशीं चुकीची आहे. अन्नपाणी शोषणारीं बारीक मुळें बहुतेक जमिनीच्या वरच्या हात-दीड हातांतच असतात, आणि आडवीं पसरत पर्णभाराच्या घेराबाहेरही जातात. मुळांनाही श्वास असतो. मातीच्या कणांमधील पोकळींतून त्यांना प्राणवायु मिळतो. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलें कीं ही वाट बंद होते, पाणी वरच्यावर गटाराकडे वाहून जातें, आणि वृक्ष गुदमरूं लागतो. हें इतकें हळूहळू घडतें कीं कोणाच्या लक्षांत येत नाहीं. कित्येक वर्षांनीं शेंडा वाळला म्हणजे दोष किडीला देऊन आपण मोकळे होतों. २०१३ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें दिल्लींतील झाडांभोंवतालचें एक मीटरपर्यंतचें काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, त्यामागें हेंच शास्त्र आहे.

याहून घातक म्हणजे चर खणणें. नळांसाठीं, तारांसाठीं खोडाला खेटून चर खणतात, तेव्हां एका बाजूचीं मुळें जाड आधारमुळांसकट तोडलीं जातात. वर हिरवेंगार दिसणारें झाड त्या क्षणापासून एका पायावर उभें असतें. १७ मे २०२१ रोजीं तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलें, तेव्हां शहरांत शेकडों झाडें पडलीं. आमच्या भागांत आडवा झालेला एक गुलमोहर मीं दुसऱ्या दिवशीं जवळून पाहिला. त्याच्या रस्त्याकडील मुळांचीं टोकें करवतीनें कापल्यासारखीं एका रेषेंत होतीं, आणि काप जुना होऊन काळा पडलेला होता. वाऱ्यानें उरलेलें काम केलें, एवढेंच.

छाटणींतही असाच अविचार चालतो. पावसाळ्यापूर्वीं सुकलेल्या व कमजोर फांद्या काढणें आवश्यकच आहे. परंतु फलकाला अडचण होते म्हणून एकाच बाजूच्या फांद्या साफ करणें म्हणजे झाडाचा तोल घालविणें होय. फांदी जेथें खोडाला मिळते तेथें सालीची एक फुगीर कड असते. काप त्या कडेच्या किंचित् बाहेर घ्यावा, कारण जखम झांकणारी वाढ त्या कडेंतूनच होते. लांब खुंट राखला तर तो कुजतो. खोडाशीं सपाट कापलें तर ती कडच नाहींशी होते. कापावर डांबर फासण्याची जुनी चाल आहे. तिनें जखम लवकर भरते असें दिसून आलेलें नाहीं. सालीच्या आंतच पानांत तयार झालेलें अन्न मुळांकडे नेणारा थर असतो. खोडाला आंवळलेली दिव्यांच्या माळेची तार तोच थर कापते; आणि रोपाच्या रक्षणार्थ बसविलेली लोखंडी जाळी वेळेवर काढली नाहीं, तर तीही.

कोणतें झाड लावावें? गुलमोहर मूळचा मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतला. परके म्हणून ते वाईट, असें मी म्हणणार नाहीं. पर्जन्यवृक्षाएवढी सावली थोड्यांनींच दिली आहे. पण गुलमोहराचें लांकूड ठिसूळ, आणि २०१० नंतरच्या दशकांत मुंबईंतील पुष्कळ पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाच्या उपद्रवानें वाळून गेले. सबंध रस्ताभर एकच जात असली म्हणजे एक कीड सबंध रस्ता उघडा करते. आपल्या राज्याचें पुष्प ज्याचें, तो ताम्हण, तसेंच बहावा, करंज, बकूळ यांची मिसळ बरी. वड-पिंपळांना मैदान द्यावें, पदपथ नव्हे.

शहरांतील झाड आपल्या अंगणांतलें असलें तरी १९७५ च्या कायद्यानुसार तें परवानगीवांचून तोडतां येत नाहीं; आणि तोडणें या शब्दांत जाळणें व इतर प्रकारें इजा करणेंही येतें, हें पुष्कळ सुशिक्षितांना ठाऊक नसतें.

आमच्या गल्लींत त्याच खड्ड्यांत गेल्या वर्षीं दुसरी बकूळ लावली. या वेळीं पेढे नव्हते. सात घरांनीं उन्हाळ्यांतील आठवडे आळीपाळीनें वांटून घेतले आहेत. एप्रिलचा दुसरा आठवडा माझ्याकडे होता. बादल्या जिन्यावरून उतरवितांना कंबर धरली, पण रोपाला नवी पालवी आहे.