दारू सोडायची, पण आधी कुणाकडे जायचं? तामसी परिसरातल्या मराठी घरांसाठी उपचाराची वाट

तामसी (जि. आदिलाबाद) : घरातल्या माणसाची दारू सोडवायची ठरली की पहिला उपाय बहुतेक घरी एकच असतो. देवासमोर शपथ, नाहीतर गळ्यात माळ, आणि उद्यापासून बाटली बंद. काहींना माळ खरंच तारते. तिच्याबरोबर भजनी मंडळ मिळतं आणि संध्याकाळ रिकामी राहत नाही. पण सकाळी उठल्या उठल्या प्यायल्याशिवाय ज्याचे हात थांबत नाहीत, त्याची दारू एका झटक्यात बंद करणं जिवावर बेतू शकतं. गावात ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

तामसी, भीमपूर, जैनद, बेला या पट्ट्यात आणि पैनगंगेपलीकडच्या किनवट, पांढरकवडा, घाटंजी भागात प्रश्न सारखाच आहे. इकडे बेल्ट शॉप, गुडुंबा आणि शिंदी. तिकडे देशी आणि मोहाची. उपचाराची वाट मात्र दोन राज्यांत वाटली गेली आहे. त्यातून 'समुपदेशक कुठे मिळेल' एवढाच प्रश्न घेऊन लोक फिरतात. खरं तर आधी डॉक्टर, मग समुपदेशन, मग गट, असा क्रम ठेवला तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात, धोकाही टळतो.

झटक्यात बंद केली तर काय होतं?

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारू गृहीत धरून चालायला लागतो. ती अचानक थांबली की काही तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, धडधड, झोप उडणं सुरू होतं. साधारण पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. नसलेली माणसं दिसतात, दिवस-रात्र कळत नाही, ताप चढतो. याला घरी 'बाहेरची बाधा' समजून अंगारा लावत बसलं तर माणूस हातचा जाऊ शकतो. ही तातडीची अवस्था आहे. १०८ ला फोन करावा. ही सेवा दोन्ही राज्यांत आहे.

रुग्णालयात यावर उपचार आहेत. काही दिवस ठराविक गोळ्या देऊन त्या हळूहळू कमी करतात. त्याबरोबर बी-१ जीवनसत्त्व देतात, कारण जास्त पिणाऱ्यांत ते घटलेलं असतं आणि त्यामुळे मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणूनच नुसतं सलाईन लावून घरी आणणं पुरेसं नसतं. डॉक्टरला पिण्याचा खरा हिशेब सांगावा लागतो : किती, केव्हापासून, शेवटची कधी, आधी कधी फिट आली होती का.

शिंदीचंही तसंच. तेलंगणात कल्लूमध्ये अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरल हायड्रेट अशी गुंगीची औषधं मिसळल्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत. २०१५ मध्ये भेसळीवर कडक कारवाई झाली, पुरवठा तुटला आणि झटके, भ्रम झालेल्या रुग्णांची सरकारी रुग्णालयांत रीघ लागली. 'आमचे बाबा दारू घेत नाहीत, फक्त शिंदी घेतात' असं म्हणून गाफील राहू नये. रोजची शिंदी बंद करायची असेल तरी आधी डॉक्टरला विचारावं.

कोण काय करतं?

पाटीवर 'समुपदेशन केंद्र' लिहिलं म्हणजे सगळे सारखे नसतात. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचाराचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध लिहिण्याचा, भरती करण्याचा निर्णय त्याचा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत. तपासण्या आणि बोलून करायचे उपचार हे त्यांचं काम, आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. तो नोंदणी क्रमांक मागायला संकोच नसावा. समुपदेशक आणि समाजसेवक घरच्यांशी बोलणं, पाठपुरावा, कामावर परत जाणं हे सांभाळतात.

कुणाला कोणाची गरज आहे हे ठरवायला जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची चाचणी वापरतात. ४० पैकी ८ किंवा जास्त गुण आले तर पिणं धोक्याकडे झुकलंय, २० च्या वर गेले तर अवलंबित्वाची शक्यता मोठी, असा साधारण अर्थ. दोन्ही गटांचे उपचार वेगळे आहेत. गोव्यात 'संगात' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या जास्त पिणाऱ्या पुरुषांवर एक अभ्यास केला. त्यांच्याशी डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते, न मिळालेल्यांत २६ टक्के. पण हे सगळे मधल्या पायरीवरचे होते. पूर्ण अवलंबून झालेल्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. थोडक्यात, पिणं हाताबाहेर जायच्या आधी चार बैठकाही उपयोगी पडतात. सकाळपासून पिणाऱ्याला मात्र आधी डॉक्टरच लागतो.

जायचं कुठे?

पहिली पायरी गावातच आहे : प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आशाताई. तिथून चिठ्ठी घेऊन आदिलाबादचं राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेचं रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं 'रिम्स'. तामसीहून साधारण पंधरा-वीस किलोमीटर. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय असल्याने मानसोपचार आणि मेडिसिन दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. फिट येण्याचा धोका असलेल्या रुग्णासाठी हीच सोय महत्त्वाची. ओपी चिठ्ठी काढताना 'सायकियाट्री' सांगावं. लाज वाटत असेल तर 'झोप येत नाही, हात थरथरतात' एवढं सांगितलं तरी वाट तिकडेच जाते.

महाराष्ट्राच्या बाजूला यवतमाळ आणि नांदेड इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय. नांदेडला किनवट-मुदखेड मार्गाने रेल्वेने जाता येतं, नागपूरला राष्ट्रीय महामार्ग ४४ ने. गाठीशी एक फरक असू द्यावा. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तपासून घ्यायला राज्य आडवं येत नाही, पण योजनेची कार्डं येतात. आरोग्यश्री तेलंगणाची, महात्मा फुले जनआरोग्य योजना महाराष्ट्राची. आयुष्मान भारत कार्ड राज्याबाहेर चालण्याची सोय आहे, पण भरती रुग्णासाठी आणि योजनेतल्या रुग्णालयातच. म्हणून निघण्याआधी फोन करून विचारलेलं बरं.

फोनवरची मदत घरबसल्या मिळते. केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत. भाषा निवडता येते, त्यात मराठीही आहे आणि तेलुगूही. व्यसनासाठी वेगळी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर वाट न पाहता १४४१६ ला फोन करावा आणि त्या माणसाला एकटं सोडू नये. शेतीची औषधं त्या काळात कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवावीत.

भाषेचा प्रश्न

गोळीला भाषा लागत नाही, पण समुपदेशनाला लागते. बायकोवर हात उचलल्याची शरम, कर्जाचा आकडा, बापाच्या वेळची आठवण हे माणूस मोडक्यातोडक्या तेलुगूत सांगू शकत नाही. म्हणून सीमेवरच्या घरांना दोन्ही बाजूंचा मेळ घालावा लागतो : गोळ्या आणि तपासणी आदिलाबादला, बोलणं मराठीत फोनवर किंवा नदीपलीकडे. दोन्हीकडचे कागद एकाच फाइलमध्ये ठेवावेत, म्हणजे इकडच्या डॉक्टरला तिकडच्या गोळ्या कळतात. दोन ठिकाणच्या झोपेच्या गोळ्या एकत्र झाल्या तर नवंच व्यसन लागतं.

मराठीतल्या निवासी उपचारात पुण्याचं मुक्तांगण जुनं आणि विश्वासाचं. १९८६ मध्ये डॉ. अनिता (सुनंदा) अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने ते सुरू केलं. तिथला भर औषधानंतरच्या काळावर असतो : गटात बोलणं, दिनक्रम, घरच्यांच्या बैठका, सुटी झाल्यावर पाठपुरावा. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभाही मराठीत होतात. तिथे फी नाही, आणि नाव विचारत नाहीत. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉन आहे.

खासगी केंद्रात टाकण्याआधी

'सहा महिन्यांत खात्रीने सुटेल' अशा जाहिराती दोन्ही राज्यांत दिसतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ व्यसनाशी जोडलेल्या मानसिक आजारांनाही लागू आहे. अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या केंद्राची सरकारदरबारी नोंदणी हवी. साखळीने बांधायला कायद्याने मनाई आहे. सक्तीने डोकं भादरता येत नाही, फुकट राबवून घेता येत नाही, घरच्यांशी भेट-फोनाचा हक्क आहे. केंद्र पाहायला गेलं की नोंदणीपत्र मागावं, डॉक्टर किती वेळा येतो आणि रात्री फिट आली तर कुठे नेणार हे विचारावं. उत्तर देताना टाळाटाळ झाली तर परत फिरावं.

'जेवणात मिसळा, कळणारही नाही' म्हणून विकली जाणारी पावडर अजिबात देऊ नये. काहींमध्ये डायसल्फिरामसारखं औषध असू शकतं. ते पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब कोसळतो, हृदयावर ताण येतो. हे औषध डॉक्टर देतात, पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि दारू पूर्ण थांबल्यावर.

खर्चाचं म्हणाल तर आकडेमोड सोपी आहे. रोज १५० रुपयांची पितो असं धरलं तर वर्षाचे ५४,७५० रुपये होतात. त्यात बुडालेली मजुरी आणि व्याज धरलेलं नाही. सरकारी रुग्णालयात महिन्यातून एकदा जायचं बसभाडं त्यापुढे किरकोळ आहे.

तो यायलाच तयार नसेल तर?

एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं दिसलं. बाकीचे दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत. अशा वेळी बायकोने, आईने, भावाने आधी एकट्याने जावं. रुग्ण नसतानाही समुपदेशक बोलतात. प्यालेल्या अवस्थेत वाद घालू नये, उधारी फेडत बसू नये, शुद्धीवर असताना एकच वाक्य शांतपणे बोलावं, मारहाण झाली तर कुठे जायचं ते आधीच ठरवून ठेवावं. हे शिकायला त्याची परवानगी लागत नाही. बायकोच्या स्वतःच्या झोपेवर, मनावर झालेला परिणाम हाही उपचाराचाच विषय आहे.

गावपातळीवरची ओढ किती काम करते याचा दाखला अमरावती जिल्ह्यात आहे. 'विश्राम' उपक्रमात ३० गावांत गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. तामसीतही आशाताई, बचत गटाच्या बाया आणि भजनी मंडळ आहेच.

शेवटची गोष्ट : पुन्हा एकदा प्यायला म्हणून सगळं वाया गेलं असं नसतं. रक्तदाबाच्या आजारासारखं यातही वर-खाली होतं. गोळ्या घरात पडून असतील तर मनाने पुन्हा सुरू करू नयेत. जुनी ओपी चिठ्ठी घ्यावी, सोबत एक माणूस घ्यावा आणि त्याच आठवड्यात आदिलाबादची बस धरावी.