सारसाची जोडी

माउली, रामायणाचा उगम कुठं आहे? एका पक्षिणीच्या आक्रोशात! तमसा नदीच्या काठी क्रौंचाची जोडी रमली होती. निषादानं बाण सोडला, नर पडला. मादी आकांत करू लागली आणि वाल्मीकींच्या तोंडून श्लोक बाहेर पडला. हा क्रौंच म्हणजे आपला सारस, असं पुष्कळ अभ्यासक मानतात.

महाराष्ट्रात सारस बघायचा तर गोंदियाकडं जावं. तिथं धानाच्या बांध्यांत, तलावाकाठी तो दिसतो. राखाडी अंग, लाल मान आणि उंची माणसाएवढी. उडणाऱ्या पक्ष्यांत याच्याहून उंच कोणी नाही, बरं का!

नर-मादी समोरासमोर वाकतात, पंख पसरून उड्या मारतात, गवताची काडी उडवतात. मग माना वर करून एकत्र साद घालतात. नराची एक हाक, की मादीच्या दोन. पावसाळ्यात पाणथळ जागी गवताचा ढीग रचून घरटं करतात. अंडी बहुधा दोन. ती उबवायला दोघं आळीपाळीनं बसतात. जहांगीर बादशहानं लैला-मजनू नावाची जोडी पाळली होती. चौतीस, म्हणजे ३४ दिवसांनी पिल्लं बाहेर आली, असं त्यानं लिहून ठेवलंय.

आता लोक काय सांगतात? जोडीदार मेला की सारस अन्नपाणी सोडून प्राण देतो. गोष्ट रंगते खरी. पण ऐकणाऱ्यांत एखादी कुंकू गेलेली माय बसलेली असते. तिच्या काळजाला काय वाटत असेल? ‘पाखरू मेलं, आणि मी जेवते!’

म्हणून खरं काय ते ऐका. सारसाची जोडी बहुधा जन्माची असते. क्वचित ती मोडतेही. आणि जोडीदार गेला, तर मागे राहिलेला सारस नवी जोडी करतो, असं अभ्यासकांनी पाहिलंय. मग आधीची माया खोटी होती का? मुळीच नाही. दोघांनी पाळीपाळीनं अंड्यांवर बसून काढलेले दिवस कुणी पुसू शकत नाही. निष्ठा ती हीच. सोबत असताना आपली पाळी चुकवायची नाही.

आणि वाल्मीकींकडं बघा. त्यांनी त्या पक्षिणीला ‘तूही मर’ म्हटलं नाही. शाप दिला तो बाण मारणाऱ्याला. तिच्यासाठी त्यांच्या मनात फक्त करुणा होती. आपल्या शेजारच्या माउलीसाठी आपल्याजवळ तेवढी तरी असावी.