'आपला हात जगन्नाथ' कुठवर?



उसाबरोबर आपल्यापैकी बऱ्याच जणांचा एखादा जोडधंदा असतो. कुणाची पिठाची गिरणी, कुणाचे गुऱ्हाळ. माझे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. त्याला २२ वर्षे झाली. पहिली ८ वर्षे मी एकच मंत्र जपला : 'आपला हात जगन्नाथ'. जळालेली मोटार मीच उघडायची, वेढे मीच मोजायचे, पैसेही मीच घ्यायचे. हाताखाली दोन पोरे होती, पण पाने-पेचकस देण्यापुरती.

एका उन्हाळ्यात मला मुदतीचा ताप भरला. दुकानात आपल्याच एका सभासदाची ५ हॉर्सपॉवरची मोटार उघडून ठेवलेली. जुनी गुंडाळी मी आदल्या दिवशी कापून टाकली होती. किती वेढे, कोणत्या गेजची तार, जोडणी कशी, सगळे माझ्या डोक्यात. आणि डोके तापाने फणफणलेले. मी बारा दिवसांनी उठलो, तोवर त्यांचा एकरभर खोडवा करपला होता. ते भेटायला आले, रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "मिस्त्री, तेवढं वहीत लिवून ठिवलं असतं, तर पोरांनी भरली असती की हो."

ते बोलणे जिव्हारी लागले. दुसऱ्या दिवशी वही आणली. मोटार आली की तिला क्रमांकाची चिठ्ठी बांधायची, आणि तार कापण्याआधी वेढे, गेज, जोडणी वहीत उतरवायची, असा नियम केला. मग घाईने सगळे काम पोरांवर टाकले. पहिल्याच आठवड्यात एक मोटार पुन्हा जळाली. भुर्दंड मीच भरला. चूक पोराची नव्हती. तपासणी कुणी करायची हेच मी ठरवले नव्हते. तेव्हापासून एकेक काम शिकवून सोपवले. एकाने भरायची, दुसऱ्याने मेगर लावून तपासायची, तपासणाऱ्याची सही झाल्याशिवाय मोटार दुकानाबाहेर जायची नाही.

याहून मोठे उदाहरण आपल्याच भागात आहे. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते. ध्वजाचे कापड लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला विणले जाते, धुलाई-रंगाईला अहमदाबादेस जाते, आणि नांदेडला परत आल्यावर कापणी, चक्राची छपाई, शिलाई होते. विणणारा शिवत नाही, शिवणारा रंगवत नाही. तरी लांबी-रुंदीचे ३:२ प्रमाण आणि चक्राचे २४ आरे चुकत नाहीत, कारण माप कुणा एकाच्या डोक्यात नाही. ते भारतीय मानक क्रमांक १ मध्ये, १९५१ पासून, कागदावर लिहिलेले आहे.

आपल्या कारखान्याचे तरी काय? लागणीची नोंद, तोडीचा कार्यक्रम, वजनकाट्याची पावती. एखादा स्लिपबॉय रजेवर गेला म्हणून गाळप थांबते का? मग आपले दुकान आपल्या एका तापाने का थांबावे?

सभासदांनो, हंगामाची धावपळ सुरू होण्याआधी एवढे करा. जे काम फक्त तुम्हालाच येते ते वहीत लिहा, एकाला शिकवा, दुसऱ्याला तपासायला लावा. मग दोन दिवस मुद्दाम पाहुण्यांच्या गावी जाऊन या. परत आल्यावर जे अडलेले दिसेल, तेच वहीत लिहायचे राहिलेले असेल.

त्या सभासदांची मोटार अजून माझ्याकडेच येते. आता ते मला विचारत नाहीत. थेट पोरांशी बोलतात.