शाळेच्या मैदानाला टर्फ परवडेल का?

शाळेला देणगी मिळाली की हल्ली पहिला विचार टर्फचा येतो. आपण आधी हे पाहू, की जुन्नर-आंबेगावच्या शाळांत मुलं जास्त खेळतात काय? कबड्डी आणि खो-खो. कबड्डीला मोठ्यांचं मैदानसुद्धा १३ बाय १० मीटर लागतं, खो-खोला २७ बाय १६. दोन्ही खेळ मातीतले. टर्फवाचून खरं अडतं ते हॉकीचं. १९७६च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकला हॉकी कृत्रिम गवतावर गेली आणि आपण सातवे आलो.

बरं, टर्फ एकदा टाकलं की संपलं, असंही नाही. साधारण आठ-दहा वर्षांत ते बदलावं लागतं. उन्हात मातीपेक्षा कितीतरी जास्त तापतं. तासाच्या भाड्यानं देणारा त्याचा खर्च काढतो, शाळा कुठून काढणार?

मग मैदान आहे तसंच ठेवायचं? मुळीच नाही. भीमाशंकरच्या बाजूला पाऊस फार, तिथं उतार आणि चर आधी. पूर्वेकडे धूळ, तिथं चाळलेली माती, पाणी आणि रोलर. ही कामं गावात होतात, पण दरवर्षी करावी लागतात. मैदान राखणारा माणूसच नसेल, तर मातीही वाया आणि टर्फही.