कारागिराचे नाव

लोककलेचा वारसा घेऊन काम करणारा कलावंत नेमके काय करतो, हे आज आपणांस पाहावयाचे आहे. पोलंडमध्ये झोफिया स्त्रियेन्स्का (१८९१-१९७६) ही मोठी चित्रकर्ती होऊन गेली. खेड्यांतील पोशाख, सण आणि जुनी दैवते तिने चित्रांत, खेळण्यांत, रंगमंचाच्या सजावटीत आणली. पॅरिसच्या १९२५ च्या शोभनकला प्रदर्शनात तिचा गौरव झाला. तो योग्यच होता. पण आम्ही पडलो कामगार चळवळीतले. हजेरीपटावर नाव कोणाचे, हे आम्ही आधी पाहतो. ज्या खेडुतांच्या हातून ही नक्षी पिढ्यान्‌पिढ्या आली, त्यांचे नाव कोठे लागते?

मुंबईच्या नवज्योत अल्ताफ यांनी हा प्रश्न आपल्या कामातच घेतला. जन्म १९४९, मीरतचा, शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. १९७० च्या दशकात त्या डाव्या युवक चळवळीत होत्या. चित्र, शिल्प, मांडणशिल्प, चित्रफीत अशी अनेक माध्यमे त्यांनी हाताळली. १९९७ पासून त्या बस्तरात, कोंडागाव येथे, तेथील कलावंतांसह काम करू लागल्या. बस्तर म्हणजे आपल्या गडचिरोलीच्या शेजारचाच मुलूख.

तेथील जयदेव बघेल हे धातुकामातील जाणते होते. ते काम असे चालते: मातीचा गाभा करावयाचा, त्यावर मेणाच्या तारांनी नक्षी गुंडाळावयाची, वरून पुन्हा मातीचा लेप द्यावयाचा. तापवले की मेण निघून जाते आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. मूर्ती काढण्यासाठी साचा फोडावाच लागतो. म्हणून एकीसारखी दुसरी होत नाही. अशा हाताला नुसता मजूर कसे म्हणावे?

शांतिबाई लाकूड कोरतात. हे काम तिकडे पुरुषांचे समजले जाई. त्या आणि राजकुमार नवज्योतबाईंचे हुकूम पाळणारे मदतनीस नव्हते. आपापल्या कल्पनेने, आपापल्या नावाने काम करणारे सहकारी होते. पुढे या मंडळींनी गावच्या हापशांभोवती 'नलपार' बांधले. त्यांत नक्षीदार भिंती आहेत, सांडपाण्याला वाट आहे आणि भरलेली घागर टेकवून मग उचलता यावी अशी उंच जागा आहे. पाणी भरणाऱ्या बाईची कंबर वाचवणे, हेही कलेचेच काम ठरले.

याने विषमता संपली, असे आम्ही म्हणणार नाही. मुंबईच्या कलादालनांची दारे शहरी कलावंताला जितकी सहज उघडतात, तितकी जंगलातल्या कारागिराला उघडत नाहीत. परंतु नाव लागले म्हणजे दाम मागता येतो. बिननावाच्या माणसाला तो दुसऱ्याने ठरवलेला घ्यावा लागतो.

आपल्या चंद्रपुरात बांबूची सुपे, टोपल्या येतात, कोरीव लाकूडकाम येते. विकत घेताना भाव तर आपण विचारतोच. यापुढे घडवणाऱ्याचे नाव, गाव आणि त्याच्या हाती किती पैसे पडले, हेही विचारावे. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी ते वस्तूशेजारी लिहूनच ठेवावे.