घरांतील गॅसची नळी

थंड देशांत दिवाणखान्याच्या भिंतींत गॅसची शेकोटी असते, आणि तिच्यापर्यंत जाणारी नळी कशाची असावी हा तेथील गृहस्थापुढें नित्याचा प्रश्न असतो. नागपुरास पौषांतील चार कडाक्याच्या रात्री सोडल्या तर तसल्या शेकोटीचें प्रयोजन नाहीं. परंतु तोच प्रश्न येथें स्वयंपाकघराच्या वाटेनें आला आहे. महालांतील जुन्या घरांत शेगडी ओट्यावर व सिलिंडर ओट्याखालीं, अशी हातभर अंतराची व्यवस्था असे. नव्या इमारतींत ओट्याखालीं कपाटें आलीं, सिलिंडर गॅलरींत गेला, आणि मधली भिंत ओलांडून गॅस आंत आणावा लागूं लागला. हें काम पुष्कळदां पाण्याचे नळ जोडणाऱ्या कारागिराकडेच सोंपविलें जातें. चुकीचा आरंभ येथेंच होतो.

मुंबईस १८६५ सालीं रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. तो वायु दगडी कोळशापासून काढलेला असून लोखंडी नळांतून खेळविलेला होता. आजच्या सिलिंडरांत असतें तें प्रोपेन व ब्यूटेन यांचें, दाबाखालीं द्रवरूप केलेलें मिश्रण. सिलिंडरच्या तोंडावरील रेग्युलेटर त्याचा दाब इतका उतरवितो कीं, शेगडीकडे जाणारा वायु सुमारें एक फूट उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढाच जोर करतो. एवढा जोर कोणतीहि नळी सोसते. बागेला पाणी घालण्याची स्वस्त प्लॅस्टिकची नळीसुद्धां पहिल्या दिवशीं बिनतक्रार चालते, आणि म्हणूनच ती फसविते.

तिचा नाश दाबानें होत नाहीं, काळानें होतो. प्रोपेन व ब्यूटेन हे खनिज तेलाचेच भाऊबंद. प्लॅस्टिक मऊ राहावें म्हणून त्यांत जो तेलकट पदार्थ मिसळलेला असतो, तो या वायूच्या सहवासांत हळुहळू निघून जातो; नळी ताठर होते, आणि तोटीपाशीं जेथें ती वांकते तेथें केसासारख्या चिरा पडतात. त्यांत नागपूरचा वैशाख! पारा ४५ अंशांपलीकडे गेला असतां पश्चिमेच्या गॅलरींतील उघड्या नळीची काय गत होत असेल, याची कल्पना सहज करतां येईल. बरें, निसटलेला वायु हवेपेक्षां दीड-दोन पट जड. तो खिडकींतून वर जात नाहीं, तर पाण्यासारखा फरशीवर पसरतो व बंद कपाटाच्या तळाशीं सांठून राहतो. हवेंत तो शेंकडा दोनच्या आसपास मिसळला कीं एक ठिणगी पुरे होते.

यासाठींच भारतीय मानक ९५७३ प्रमाणें केलेली रबरी नळी घ्यावयाची. तिचें आंतलें अस्तर गॅसनें न बिघडणाऱ्या कृत्रिम रबराचें असतें, मध्यें पोलादी तारेची वीण असते व वरून नारिंगी आवरण. उंदीर साधी नळी सहज कुरतडतो. ही तार त्याला आडवी येते. नळीवर छापलेला महिना व साल वाचावें आणि पांच वर्षांनीं, ती कितीहि धडधाकट दिसली तरी, बदलावी. ती सुमारें दीड मीटरहून लांब नसावी, आणि भिंतींतून किंवा कपाटामागून कधींच नेऊं नये. जी दिसत नाहीं तिची तपासणी होत नाहीं.

मग भिंत ओलांडावी कशानें? तांब्याच्या किंवा लोखंडी नळानें. तांब्याच्या सांध्यास कथलाचा डाख चालणार नाहीं. तो दोनशे अंशांच्या थोडा वरच वितळतो, म्हणजे घरांत लहानशी आग लागली तरी सांधा सुटून तिला गॅसचा पुरवठा व्हावयाचा! ४५० अंशांहून अधिक उष्णतेवर वितळणारा पक्का डाखच पाहिजे. भिंतींत सांधा ठेवूं नये, आणि नळ चुन्या-सिमेंटांत न पुरतां दुसऱ्या मोठ्या नळींतून मोकळा न्यावा. लोखंडी नळाच्या आट्यांवर सुतळी व सफेदा लावण्याची कारागिराची संवय पाण्यापुरती ठीक आहे. सुतळी पाण्यानें फुगून फट बुजविते. कोरड्या गॅसमध्यें ती आक्रसते. पाण्याचे पांढरे प्लॅस्टिकचे नळ या कामीं सर्वथा वर्ज्य होत.

नळानें घरोघर येणारा नैसर्गिक वायु हा निराळा पदार्थ. तो मुख्यतः मिथेन, हवेहून हलका. त्याच्यासाठीं रस्त्याखालीं पिंवळे पॉलिएथिलीनचे नळ पुरतात; तें पाहून कोणी तसाच नळ घरांत घालूं नये. जमिनींत त्याला ऊन व आंच लागत नाहीं, घरांत लागते.

काम पुरें झाल्यावर प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेंस लावावा. कारागीर आगपेटी काढूं लागला तर त्याचा हात धरावा. फेंसांत बुडबुडा वाढतांना दिसला कीं रेग्युलेटर बंद करून तो सांधा पुन्हां करवून घ्यावा, आणि कारागिराची मजुरी तोंपर्यंत राखून ठेवावी.